मुलगा येईपर्यंत

रविवार, १२ जानेवारी

हे पत्र आईंच्या सांगण्यावरून लॅपटॉपवर लिहितेय. त्या शेजारीच बसल्यात, एकेक ओळ वाचतायत आणि "पाल्हाळ नको, मुद्द्यावर ये" म्हणतायत. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्याला आवाज चढतात आणि तिसऱ्याला कुणीतरी ठेवून देतं. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचलं जातं.

मुद्दा असा, की एक-दोन दिवसांत तुला एका वेबसाइटकडून ईमेल येईल. शेवटच्या आजारपणात आपल्यावर काय उपचार करावेत आणि काय करू नयेत, हे तुझ्या आईने तिथे लिहून ठेवलंय आणि ते तू वाचावंस अशी तिची इच्छा आहे, असं त्यात असेल. दचकू नकोस. कुणी फसवतंय असं समजून पुसूनही टाकू नकोस.

गेल्या वर्षापासून घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, हे तुझ्या मावशींनी तुला कळवलं असेलच. इतकी वर्षं बेकरीत श्वासाबरोबर मैदा आत गेला, तो आता छातीत ठाण मांडून बसलाय, असं छातीचे डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं कडक होत चाललीत आणि ती परत मऊ होत नाहीत. "म्हणजे शिळ्या पावासारखं," आई म्हणाल्या. डॉक्टरांना हसावं की नाही कळेना. त्यांनीच चिठ्ठीवर त्या वेबसाइटचा पत्ता लिहून दिला. म्हणाले, "बोलता येतंय तोवर भरून टाका. नंतर घरातली माणसं आयसीयूच्या दाराशी भांडत बसतात."

पुढचं वाक्य आईंनी सांगितलंय, तसंच लिहिते: "ढब्ब्या, भांडायला तू इथे नसतोसच, तेव्हा ती काळजी नाही. पण वाच."

आई आता आडव्या झाल्यात. जेवणानंतर त्यांचा जरा डोळा लागतो. म्हणून या चार ओळी माझ्या.

त्या वेबसाइटवर एक प्रश्न आहे. तुम्हाला बोलता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कुणी बोलावं? तिथे तुझं नाव नाही, माझं आहे. ईमेलमध्ये वाचून तुला धक्का बसण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मी नको म्हटलं. म्हटलं, "आई, कोर्टाने आपलं नातं संपवलंय. मी तुमची कुणीही लागत नाही."

त्या म्हणाल्या, "म्हणूनच. तो मला सोडायचा नाही. हातपाय बांधून ठेवील पण सोडायचा नाही. तू सोडशील. जिला नवरा सोडता आला, तिला सासू सोडायला काय जड जाणार?"

हे त्या हसत म्हणाल्या. मीही हसले. मग दुकानात जाऊन चष्म्याच्या काचा घासत बसले, आणि एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून ठेवली.


२ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. "तू माझ्या आईची कोण?" असं तू विचारलंयस. कागदोपत्री कुणीही नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. दुसरी खोली मिळेपर्यंत म्हणून मी इथे राहिले, त्याला चार वर्षं झाली, आणि खोली अजून मिळत नाहीये. मिळत नाही म्हणजे मी शोधत नाही. आईही विचारत नाहीत.

पण "तू तिच्याकडून हे लिहवून घेतलंस" असं जे तू म्हणतोस, त्याला उत्तर दिलं पाहिजे. तुझ्या आईकडून आजवर कुणी काही करवून घेतलंय का? बेकरी बंद करायला डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. ती बंद झाली ते भट्टीची चिमणी कोसळली तेव्हा.

लिहिलं कसं ते सांगते. जेवणाच्या टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा उपडा घालून त्यावर लॅपटॉप ठेवला, म्हणजे त्यांना मान वाकवावी लागू नये. प्रश्न मी वाचायचा, उत्तर त्यांनी द्यायचं, मी टाइप करायचं. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या दृष्टीने चांगला दिवस म्हणजे कसा? त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी असले प्रश्न कुणी विचारत नाही तो." मी तसंच लिहिलं. वाचून बघ, आहे अजून.

मधूनमधून पडद्यावर एक हिरवं पान यायचं आणि विचारायचं, थोडी विश्रांती घ्यायची का? आई त्या पानाला "गप रे" म्हणायच्या. एकदा वर आलं, तुम्ही साठ टक्के पूर्ण केलंत, अभिनंदन! त्या म्हणाल्या, "त्याला सांग, मी नव्वद टक्के पूर्ण झालेय." खालचा सलूनवाला साक्षीदार म्हणून वर आला होता. तो इतका हसला, की सही करायची राहिलीच. मग भानावर येऊन त्याने विचारलं, "मी कुणाला जामीन तर राहत नाही ना, मावशी?"

सगळं असंच हसतखेळत झालं असं मात्र नाही. एका प्रश्नात एक रेघ होती. तिच्या डाव्या टोकाला 'जास्तीत जास्त जगणं', उजव्या टोकाला 'कमीत कमी त्रास', आणि मध्ये सरकवायचं गोल बटण. ते मी नाही, त्यांनी स्वतः सरकवलं. डावीकडे नेलं, उजवीकडे आणलं, परत डावीकडे. बोट उचलेचनात. मी वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. परत आले तेव्हा बटण उजव्या टोकाच्या अलीकडे थांबलं होतं आणि त्या "पुढचा प्रश्न विचार" म्हणाल्या.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, अगदी शेवटपर्यंत. मी लपवते असं तूच म्हणतोस ना? ऐकून त्यांनी नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. मग म्हणाल्या, "उघड ते परत."

"मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका" असं त्यांचं आधीचं उत्तर होतं. त्याच्यापुढे त्यांनी मला लिहायला सांगितलं: "पण माझा मुलगा दूर असतो. तशी वेळ आली तर तो येईपर्यंत मशीनवर ठेवा. तो भेटला की काढा."

मी म्हटलं, "आई, जास्तीत जास्त किती दिवस, ते लिहा. त्याचं काम जहाजांवरचं, ते बंदर कुठे, मधल्या बोटी, विमानं..."

त्यांनी हाताने मला थांबवलं. म्हणाल्या, "मुलगा आहे तो माझा. दुधाची पिशवी आहे का, वर तारीख छापायला?"

तेव्हा ती ओळ आहे तशी आहे. तुला दुसरा ईमेल आला असेल, तो तिचाच. तुझ्या पत्रातल्या कुठल्याच रागाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. ही ओळ तेवढी दिली.


२१ फेब्रुवारी

आईंना थोडा खोकला आहे. काळजीचं काही नाही. हवा बदलली की होतंच.

त्या अजून चालतात का, असं तू विचारलंस. चालतात. स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. ऑक्सिजनची नळी लांब घेतलीय, ती घरभर मांजरासारखी त्यांच्या मागे फिरते, आणि मी दोनदा तिच्यात पाय अडकून पडलेय. तेव्हा त्या माझ्यावर ओरडल्या, म्हणजे आवाजही ठणठणीत आहे.

तू यावंस असं त्या म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. तुझ्या खोलीत मी माझं सामान ठेवलं होतं, ते काल बाहेर काढलं. गादीला ऊन दिलं. सहज.


५ मार्च

तो थोडा खोकला नव्हता, न्यूमोनिया होता. आईंनी मला शपथ घातली होती. "त्याला सुट्टी मिळायची मारामार, जहाजाचं इंजिन उघडून तो अर्ध्यावर टाकून येईल, उगाच कशाला?" मी शपथबिपथ मानत नाही हे तुला माहीत आहे. तरी कळवलं नाही. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मलाही तो थोडा खोकलाच असायला हवा होता.

परवा सकाळी मी दुकानाला निघाले होते. डबा विसरला म्हणून परत वर आले, तर त्या पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेल्या, ओठ निळे, आणि मला बोट दाखवून खुणावतायत, जा, जा, उशीर होईल. मशीन पूर्ण वाढवून ठेवलेलं. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. जिन्यातून खाली उतरवताना सलूनवाल्याने पुढची बाजू धरली, एका गिऱ्हाइकाने मागची. त्याच्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

हॉस्पिटलमध्ये पहिल्याच डॉक्टरने विचारलं, "यांनी काही लिहून ठेवलंय का?" मी फोनवर ते उघडून दिलं. त्याने सगळं भराभर वाचलं आणि त्या ओळीपाशी थांबला. परत वाचली. विचारलं, "मुलगा कुठे असतो?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग नळी टाकतो. पण त्यांना लगेच कळवा."

दोन दिवस उशिरा, पण कळवतेय. आईंच्या तोंडातून घशात नळी गेलीय, ती चिकटपट्टीने गालांना बांधलीय. छाती वरखाली होते, पण ते त्यांचं नाही, मशीनचं आहे. औषधाने त्या बराच वेळ झोपलेल्या असतात. औषध कमी केलं की जागतात, आणि जागल्या की त्यांचे हात नळीकडे जातात. म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधलीत. "हातपाय बांधून ठेवील" असं त्या तुझ्याबद्दल म्हणाल्या होत्या. हात बांधायच्या कागदावर सही मी केली.

मागचं सगळं राहू दे. तू मला काय म्हणालास, मी तुला काय म्हणाले, त्यांनी कुणाची बाजू घेतली, ते सगळं जिथे आहे तिथे राहू दे. लवकर ये.


१० मार्च

तुझं उत्तर एका ओळीचं आहे. "मी आलो नाही तोवर ती आहे ना?"

ते मी दुकानात वाचलं. समोर एक बाई फ्रेम घालून आरशात बघत होत्या आणि विचारत होत्या, कशी दिसते. मी म्हटलं, "छान." दुसरी घातली, मी म्हटलं, "छान." शेवटी त्या वैतागून निघून गेल्या.

आधी मला तुझा भयंकर राग आला. पाच दिवस मी रोज तुझी वाट बघतेय आणि तू तिथे बसून हा विचार करतोयस! मग घरी जाताना लक्षात आलं, की हे वाक्य चुकीचं नाही. त्यांनी लिहिलंयच तसं. तू आलास, भेटलास, की काढायचं. म्हणजे तू विमानात पाय ठेवणं म्हणजे काय, हे तुला कळलंय आणि तू पाय उचलत नाहीयेस. तुझ्या जागी मी असते तर? मला नाही माहीत.

पण तू इथे नाहीस, म्हणून तुला दिसत नाही ते सांगते. दर थोड्या वेळाने सिस्टर दुसरी बारीक नळी आत घालून कफ ओढून काढते. तेव्हा आईंचं सगळं अंग पलंगावरून वर उचललं जातं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि आवाज मात्र येत नाही, कारण आवाजाच्या वाटेवरच नळी आहे. सिस्टर प्रेमळ आहे. दर वेळी "झालं हं आजी, झालं" म्हणते. तरी मी बाहेर निघून जाते. तू तिथे राहून त्यांना जिवंत ठेवतोयस असं तुला वाटत असेल. इथून ते तसं दिसत नाही.

न्यूमोनिया उतरला. पण फुप्फुसं आता मशीनशिवाय पुरी पडणार नाहीत, असं छातीचे डॉक्टर म्हणाले. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. या आठवड्याच्या शेवटी एक तर ती काढायची, नाही तर गळ्याला भोक पाडून तिथून मशीन जोडायचं. जोडलं की मग ते कायमचं. त्यांच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आहे. काढा, असं मी म्हणू शकत नाही, कारण तू आलेला नाहीस. गळ्याला भोक पाडा, असं म्हणायला माझं तोंड उघडत नाही.

एक काम मात्र केलं. चिकटपट्ट्यांमुळे त्यांना चष्मा घालता येत नव्हता आणि जाग्या झाल्या की त्या नुसत्या छताकडे बघत राहायच्या. त्यांच्या जुन्या चष्म्याच्या दोन्ही काड्या कापल्या, रुंद इलॅस्टिक लावलं, नाकावरचे पॅड बदलले. आज घातला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग मशीनच्या आकड्यांकडे, आणि भुवया वर केल्या. म्हणजे, हे एवढंच का?

येत नसशील तर निदान व्हिडिओवर ये. तेरा तारखेला दुपारी औषध कमी ठेवतील. सिस्टर फोन धरेल.


१४ मार्च

काल तू जे पाहिलंस ते तू पाहिलंस. फोन बंद झाल्यावर काय झालं ते लिहिते.

तू म्हणालास, "आई, मी निघतोय. दोन दिवसांत पोहोचतो." त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. फोन बंद झाला. त्यांच्या हाताचे पट्टे सिस्टरने सोडले होते, त्यांना एक छोटी पांढरी पाटी आणि पेन दिलं होतं. त्यांनी लिहिलं, "कान."

मी म्हटलं, "कान दुखतोय?" सिस्टर कान बघायला वाकली. त्यांनी जोरात मान हलवली आणि पुढे लिहिलं, "त्याचे. लाल."

लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे म्हणे. इतकी वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर बरं झालं असतं. तू तिकीट काढलेलं नाहीस, हे त्यांना तेवढ्यात कळलं, माझ्याच चष्म्यातून.

त्या रडल्या नाहीत. पाटी पुसून घेतली आणि लिहिलं, "ती ओळ काढ."

मी पेन घेतलं आणि पाटीवर एक ओळ काढली, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला वाटलं, त्यांना सरळ लिहायला जमत नाहीये, म्हणून आखून हवीय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बेकरीत हिशेब चुकलेल्या पोऱ्याकडेही कधी पाहिलं नसेल. मग माझा मोबाइल दाखवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वेबसाइटवरची ती ओळ. मुलगा येईपर्यंत.

मी विचारलं, "का?"

एकेक शब्द लिहायला त्यांना खूप वेळ लागत होता. "त्याला वाटतं, आला की मी मरणार." थांबल्या. पुसलं. "मीच अडवलंय त्याला."

छातीचे डॉक्टर आले. त्यांनी आईंना साधे साधे प्रश्न विचारून खात्री करून घेतली, की त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. म्हणाले, "त्या स्वतः सांगू शकतात, तोवर तुमच्याकडे विचारायचं कारणच नाही." इतके दिवस उरावर बसलेलं ओझं त्यांनी एका वाक्यात उचललं, आणि मला हलकं वाटण्याऐवजी रडू आलं. मी वेबसाइट उघडली. ओळ खोडली. खाली आलं, बदल जतन करायचा, तुम्हाला खात्री आहे? आईंनी 'हो'वर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. त्यांची बोटं इतकी थंड आणि कोरडी झालीत, की पडदा त्यांना ओळखतच नव्हता. सिस्टरने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, बोट चोळून ऊब आणली, आणि मग ते लागलं.

तुला तो ईमेल गेला. आणि आज सकाळी तुझ्या तिकिटाचा फोटो आला. उद्या संध्याकाळचं विमान, सतराला सकाळी इथे.

मी पळत जाऊन त्यांना दाखवलं. त्यांनी चष्म्यातून तिकीट नीट वाचलं, वेळही वाचली. मग लिहिलं, "नळी उद्या सकाळी काढा."

मी भांडले. हे तुला कळायला हवं. आयसीयूत, सगळ्यांसमोर, मी त्यांच्याशी भांडले. "आई, अहो, तो येतोय. आता खरंच येतोय. दोन दिवस, फक्त दोन दिवस थांबा!" डॉक्टरही म्हणाले, नळी आणखी दोन दिवस ठेवता येईल.

त्यांनी लिहिलं, "तो आल्यावर काढायची? मग परत तेच." आणि त्याखाली, "जन्मभर म्हणेल, माझ्यामुळे."

मी विचारलं, "आणि त्याच्याआधीच तुम्ही..." डॉक्टरांनी सांगितलं, नळी काढल्यावर कुणी तासाभरात जातं, कुणी तीन-चार दिवस स्वतःच्या श्वासावर राहतं. घुसमट होऊ नये म्हणून औषध देता येतं. नक्की कुणीच सांगू शकत नाही.

आईंनी पाटी पुसली. या वेळी अक्षर बरंच सरळ आलं. "माझी मी थांबते."

तुला न सांगता हे होऊ देणार नव्हते, म्हणून लिहिलं. तू चिडून तिकीट रद्द करू नकोस. कृपा कर. ये.


१६ मार्च, दुपार

हे पत्र तुला विमानातून उतरल्यावर मिळेल. मधल्या विमानतळावर फोन चालू करणार नाही, असं तू म्हणाला होतास, म्हणून सगळं एकदम लिहिते.

आई गेल्या. आज दुपारी, थोड्या वेळापूर्वी. तू आकाशात होतास.

आता सुरुवातीपासून सांगते, कारण तू ते विचारशील, आणि दारात उभं राहून मला सांगता येणार नाही.

काल सकाळी नळी काढली. मी बाहेर थांबणार होते, पण त्यांनी माझा हात सोडला नाही. खूप खोकल्या. मग सिस्टरने तोंड पुसलं, साधा मास्क लावला, आणि आम्ही सगळे त्यांच्या छातीकडे बघत उभे राहिलो. छाती वर गेली, खाली आली. परत गेली, परत आली. आपली आपण. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू मीच श्वास घेत होते.

बऱ्याच वेळाने आवाज आला, घोगरा, दरवाजा घासल्यासारखा. पहिला शब्द म्हणाल्या, "चहा." सिस्टरने चमच्याने दोन-तीन थेंब जिभेवर ठेवले. दुसरं वाक्य होतं, "हा चहा आहे?"

मग त्यांना आयसीयूतून वेगळ्या खोलीत आणलं. मोठी खिडकी आहे, खाली गाड्या लावायची जागा दिसते. दिवसभर त्या भेटेल त्याला सांगत होत्या. फरशी पुसणाऱ्या बाईला, रक्तदाब बघायला येणाऱ्या मुलीला, मला, जशी काही मला माहितीच नाही. "मुलगा निघालाय माझा." एका श्वासात एवढंच बसायचं. दम खायच्या आणि पुढचं म्हणायच्या, "विमानाने."

संध्याकाळी तुझा मेसेज आला, विमानात बसलो म्हणून. मी वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "खिडकीशी जागा मिळाली का त्याला?" मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. म्हणाल्या, "मग बघत बसेल. झोपायचा नाही, वेडा." आणि जरा वेळाने, "जेवायला देतात ना त्यात?"

मी म्हटलं, "आई, तू बोलू नकोस. दम लागतोय." माझ्या तोंडून 'तू' गेलं. इतक्या वर्षांत कधी गेलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "आता कुठे," आणि परत मिटले.

आज पहाटेपासून श्वास जड झाला. औषध वाढवलं, त्यामुळे घुसमटत नव्हत्या, हे मी तुला शपथेवर सांगते, आणि या वेळी शपथ मानते. मधूनमधून विचारायच्या, "कुठवर आला?" मी फोनवर विमानाचा नकाशा उघडून ठेवला होता. समुद्रावर एक छोटंसं विमान मुंगीसारखं सरकत होतं. त्यांना दाखवलं. चष्मा होता डोळ्यांवर. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, तुझ्या विमानावर, आणि तसंच ठेवलं. हात दुखेल म्हणून मी खालून आधार दिला.

मग विचारणं थांबलं. दोन श्वासांच्या मधलं अंतर वाढत गेलं. प्रत्येक वेळी वाटायचं संपलं, आणि पुढचा यायचा. मी वाकून कानाशी सांगत होते, येतोय, येतोय आई, निम्म्याच्या वर आलाय. एकदा अंतर पडलं, आणि त्यानंतरचा आलाच नाही. सिस्टरने थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढे होऊन चष्मा काढला.

त्यांनी थांबायचा प्रयत्न केला. मी बघत होते, म्हणून सांगते. खूप प्रयत्न केला.

तू उतरशील तेव्हा मी बाहेर उभी असेन, कठड्याला लागून, उजव्या बाजूला. मला काय म्हणावं, याचा विचार करू नकोस. मलाही सुचलेलं नाही. आधी हॉस्पिटलमध्ये जाऊ, तू त्यांना भेट, मग घरी. तोंड धुऊन घे, पाणी पी, सामान सगळं आलं का बघ. इतके दिवस मी तुला लवकर ये म्हणत होते. आता सावकाश ये.